फॉल लावलेला देवदूत

नसीम,

तुझी वही माझ्याकडे आहे. जियारतीच्या दिवशी, म्हणजे तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, तुझ्या अम्मींनी ती कॅरीबॅगमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ये तुम दोनोंकी है ना बेटा? मेरेकू पढने कू आता नै." मी घेतली, पर्समध्ये कोंबली आणि तुमच्या घरातला चहा पिऊन चकलांब्याला परत आले. आज त्याला बावीस दिवस झाले.

मी हे कापसाच्या खोलीत बसून लिहितेय. वरच्या मजल्यावरची खोली आहे. पहिल्या वेचणीचा कापूस भिंतीपासून दारापर्यंत भरलाय, खिडकी अर्धी बुजलीय, दाराशी एक माणूस पाय मुडपून बसेल एवढीच जागा उरलीय. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी 'कापूस हलवून येते' म्हणून वर येते. या घरात एकटीनं बसायला एवढी एकच सबब मला सापडलीय, आणि ती कापूस विकेपर्यंतच टिकणार आहे.

आधी आपलं भांडण घेते. ते तू अर्धवट टाकून गेलीस.

सुरुवात तुझ्या चाचांच्या फळगाड्यावर झाली. जांभळाच्या पुड्या बांधायला त्यांनी रद्दी आणली होती, तिच्यात ते जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. शेवटची काही पानं जांभळांबरोबर माजलगावभर वाटली गेली होती, बाकीचं तू वाचवलंस आणि शिवणक्लासला घेऊन आलीस. मुखपृष्ठावर एक देखणा पोरगा, अंगात शर्ट नाही, पाठीवर काळे पंख, आणि त्याच्या पायाशी पिसं पडलेली. क्लासच्या काकूंना दिसू नये म्हणून तू ते फॉलच्या डब्यात ठेवलं होतंस. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, म्हणून मला बोलावणं आलं. पण तुला धीर कुठला? मी यायच्या आधीच तू एकेक अक्षर लावून नाव वाचलं होतंस.

"फॉलन एंजल. एंजल म्हंजी फरिश्ता, ते ठावं हाय. फॉलन म्हंजी फॉल लावलेला का गं?"

मी हसले. किती हसले ते आता आठवलं तरी कान तापतात. मी हसले म्हणून बाकीच्या चार पोरी हसल्या. तू हसली नाहीस. तू पिकोच्या मशीनवर हात ठेवून शांतपणे म्हणालीस, "हसतीस कावून? फॉल कशाला लावतेत? साडी वर उडू न्हाई, खाली धरून ऱ्हावी म्हून. ह्यो बी वरचाच हाय ना? मंग कुनीतरी त्याला फॉल लावला आसंल, म्हून खाली आला."

माझ्या मते त्या वेळी अख्ख्या तालुक्यात माझ्याएवढं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मी तुला क्रियापदाची तीन रूपं सांगितली. फॉल म्हणजे पडणं, फॉलन म्हणजे पडलेला. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "पडलेला म्हंजी कसा? पडल्या भिंतीवानी?"

तिथून जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. मी 'पतित' सुचवला, तर तू म्हणालीस हा भजनातला शब्द आहे, याला शर्ट तरी घाला आधी. 'पाडलेला' म्हटलं तर म्हणालीस, तो काय चिंच आहे? 'शापित' तुला बरा वाटला होता, कारण आमच्या कथांमधले गंधर्व शाप मिळाला की कसे खाली येतात ते मी तुला रंगवून सांगितलं होतं. पण तुमच्यात फरिश्ते चुकतच नाहीत. "त्यांना मर्जीच न्हाई देलेली. सांगितलं तेवडं करायचं. चूक करायला मर्जी लागती," असं तू म्हणालीस, आणि मग बराच वेळ सुईत दोरा ओवत बसलीस. मी म्हटलं, मग हे पुस्तक खोटंच म्हणायचं. तू म्हणालीस, "खोटं आसू दे. म्होरं वाच."

मी वाचायची, मराठीत सांगायची आणि तू या वहीत उतरवून घ्यायचीस. साडीला फॉल लावायचं काम हातात असेल तर ऐकायचीस आणि नंतर आठवून लिहायचीस, त्यामुळे मध्येच तुझी भाषा घुसायची. माझा देवदूत 'तिच्याकडे टक लावून पाहत राहिला', आणि वहीत तो 'तिच्याकडं बगून बगून थकला' असा होता. त्याचं इंग्रजी नाव आपल्याला कुणालाच नीट म्हणता येईना, म्हणून तू त्याला पंखवाला केलंस. पोरीचं नाव सोपं होतं, तरी ती तुझ्या वहीत पोरगीच राहिली.

गोष्ट तशी साधीच होती. तळ्याकाठचं गाव, तिथे मोठी नाव चालते, आणि नावेच्या तिकीटखिडकीत मावशीच्या जागी एक पोरगी बसते. दिवसभर लोकांना पलीकडे जायची तिकिटं देते, स्वतः कधी गेलेली नाही. एक दिवस खिडकीसमोर तो उभा राहतो, आणि पाण्यात त्याची सावली पडत नाही. कुणाचा तरी जीव न्यायला त्याला पाठवलेलं असतं, त्याला दया येते, तो उशीर करतो, म्हणून त्याचे पंख जातात. पहिल्या भागात ओळख, दुसऱ्यात दुरावा, तिसऱ्यात शेवट. दुसरा भाग मी मावसभावाकडून मागवला होता. त्याला 'अभ्यासाचं पुस्तक' असं सांगितल्यामुळे बिचाऱ्यानं त्याला खाकी कव्हर घालून पाठवलं.

क्लासमधल्या पोरी पंखांवर, त्याच्या डोळ्यांवर, त्या पावसातल्या भेटीवर जीव टाकायच्या. तुला त्यातलं काहीच अचाट वाटलं नाही. पंखांबद्दल तू एवढंच म्हणालीस की काळे पडायच्या आधी ते कापसासारखे पांढरे असतील तर त्यात सरकी राहिली असणार, म्हणून जड झाले. तुला आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं वाटायचं. एकदा तू मला थांबवून मागचं पान पुन्हा वाचायला लावलंस. पोरगी घरातून निघते, रस्ता ओलांडते, तळ्यावर जाते, अंधार पडेपर्यंत बसते आणि घरी येते, असं ते पान होतं.

"तिला कुनी इचारलंच न्हाई?" तू म्हणालीस.

"काय?"

"कुटं चाललीस म्हून."

मी पान वरखाली पाहिलं. कुणी विचारलं नव्हतं. "ह्येच खोटं हाय बग या पुस्तकात," तू म्हणालीस. "फरिश्त्याचं एक वेळ पटंल."

तुझा रस्ता घर ते क्लास आणि क्लास ते घर एवढा. तुझ्या अब्बांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानावरून जावं लागायचं, त्यामुळे तू किती वाजता गेलीस आणि किती वाजता आलीस हे तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता सगळ्यांना कळायचं. माझा रस्ता कॉलेजपर्यंत लांब, पण दोर तोच. धरण एवढं जवळ, भरलं की अख्खं गाव पाणी बघायला जातं, आणि आपण दोघी मिळून किती वेळा गेलो? एकदा. तेही तुझे अम्मी-अब्बा, माझी आई आणि दोन्ही घरचे डबे घेऊन. पाण्याकडे बघत तू माझ्या कानात म्हणालीस, "तिकीटखिडकी कुटं हाय गं?" त्या दिवशी मला तू फार आवडली होतीस. हे तोंडावर कधी सांगितलं नाही, आता सांगून ठेवते.

आता जे सांगायचं ते सांगते. टाळत टाळत इथवर आले.

बारावीनंतर तीन वर्षं मशीनवर बसल्यावर तुला नर्सिंगचा फॉर्म मिळाला. लातूरला शिकायचं, होस्टेलवर राहायचं. तुझ्या अब्बांनी चक्क नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, तुझं तू ठरव, मग आपण बघू. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तुला ठरवायला सांगितलं आणि तू गांगरलीस. दोन आठवडे फॉर्म फॉलच्या डब्यात पडून होता, जिथे आधी पंखवाला राहायचा. मग तू तुझ्या नानीची युक्ती काढलीस.

नानी फाल काढायच्या. हरवलेली शेळी कुठल्या दिशेला आहे, जावई दुबईहून कधी येणार, असं काही विचारायला बायका यायच्या. नानी पुस्तक उघडायच्या, बोट ठेवायच्या आणि जिथे बोट पडेल तिथलं वाचून उत्तर द्यायच्या. अब्बांना ते पटायचं नाही म्हणून सगळं अब्बा दुकानात असताना चालायचं. तू लहानपणी नानींच्या शेजारी बसून बघितलेलं. नियम एकच, असं तू मला सांगितलं होतंस: जी फाल वाचेल तिनं पुस्तकात आहे तेच सांगायचं. पदरचं घातलं तर ती फाल वाचणारीवरच उलटते.

"तिसऱ्या भागाचा शेवट काय हाय ते तू वाच आन मला सांग," तू म्हणालीस. "पोरगी गाव सोडती का न्हाई, एवडंच. सोडती आसंल तर मी फॉर्म भरते. न्हाई तर न्हाई." आणि मग स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसून म्हणालीस, "फॉलनची फाल."

तिसरा भाग छापील मिळाला नव्हता. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी फाइल टाकली होती, ती माझ्या मोबाईलमध्ये होती. तुझ्याकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. म्हणजे तुझी फाल माझ्या हातात होती, अक्षरशः.

त्याच आठवड्यात माझी सुपारी फुटली होती. चकलांब्याचं स्थळ, घरचं चांगलं, मुलगा शांत. मी एम.ए.चं विचारलं तर 'बघू' म्हणाले. 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं, तरी मी चहाचे कप उचलून आत नेले. रात्री आई झोपल्यावर पडून वाचायचे मी, पण ते शेवटचं प्रकरण मी भरदुपारी, अंगणात, सगळ्यांच्या देखत वाचलं. मला मोबाईलवर बघून आईला वाटलं होणाऱ्या नवऱ्याशी बोलतेय, ती खूश होती.

पोरगी गाव सोडते, नसीम. पुस्तकात ती गाव सोडते. पंखवाल्याला पंख परत मिळतात, तरी तो म्हणतो मी इथेच थांबतो, तूही थांब. आणि ती खिडकी आतून बंद करते, स्वतःसाठी एक तिकीट फाडते आणि नावेत बसते. तोही सोबत जात नाही. एकटी जाते. इतकं चांगलं प्रकरण होतं की मी ते दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी क्लासला लाईट गेली होती. मशीन बंद, पंखा बंद, पोरी घरी गेलेल्या. तू पायरीवर बसून एका जांभळ्या साडीला हातानं फॉल लावत होतीस. मी तुझ्या शेजारी बसले आणि सांगितलं की पंखवाला पंख परत करतो, पोरगी तिकिटाचा गठ्ठा पाण्यात टाकते, आणि दोघं तळ्याकाठी घर करून राहतात.

तुझी सुई थांबली. "पुस्तकात आसंच हाय?"

"असंच आहे."

"लई येळा वाचलंस ना नीट?"

"दोनदा," मी म्हटलं. तेवढं एक खरं सांगितलं.

"म्हंजी दोगं बी तितंच," तू म्हणालीस. मग लाईट आली, पंखा फिरायला लागला, तू उठून मशीनवर गेलीस. फॉर्मची तारीख चार दिवसांनी संपली. मी मोजत होते.

का केलं असं, हे तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं का, माहीत नाही. आता सांगते. मला तुझ्या भल्याचं काही वाटलं नव्हतं. लातूर लांब आहे, जग वाईट आहे, असलं काही माझ्या मनात आलं नाही. मी अडकणार होते आणि तू सुटणार होतीस, हे मला सहन झालं नाही. आपण दोघी एकाच खिडकीत बसलेल्या, आणि मला वाटलं, मी इथे बसणार तर हीही बसू दे. तू साध्या मनानं पुस्तक माझ्या हातात दिलंस आणि मी तुला फॉल लावला.

मग तू म्हणालीस की ती फाइल अम्मीच्या मोबाईलवर टाकून ठेव, आठवण म्हणून. मी लगेच टाकली. मला भीती वाटली नाही. दहावीला इंग्रजीत तुला छत्तीस होते.

माझ्या लग्नाच्या पाच साड्या तुझ्याकडेच फॉल-पिकोला दिल्या. दुसरीकडे कुठे देणार? तू सगळे फॉल आधी पाण्यातून काढून वाळवलेस, नंतर आटून साडीला चुण्या पडू नयेत म्हणून. पाचही हातानं तुरपलेस. घरी पोचवायला आलीस तेव्हा आईनं तुला बसवलं, करंज्या दिल्या. निघताना पायात चप्पल सरकवत तू मला म्हणालीस, "त्या पिस्ता साडीचा फॉल कच्चाच घातलाय बरं का. जड वाटला तर उसवून टाक." मी म्हटलं, घाई झाली वाटतं. तू म्हणालीस, "हां, घाई झाली."

पिस्ता साडी मी नेसलेच नाही. सासूबाईंना तो रंग फिकट वाटतो.

त्यानंतर आपण किती बोललो? सहा-सात फोन. तुझ्या अम्मीच्या मोबाईलवरून, मागे कुकरच्या शिट्ट्या. तू विचारायचीस, तिकडं वाचतीस का. मी म्हणायचे, वेळ कुठंय. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "मी वाचते हळूहळू." मला वाटलं पेपर वाचत असशील, कुराण वाचत असशील. 'काय वाचतेस' एवढं विचारायला दोन सेकंद लागले असते. इकडे पिठाची गिरणी बंद व्हायची वेळ झाली होती, मी फोन ठेवला.

आणि मग तुला ताप आला. बाकीचं लिहीत नाही.

तुझ्या घरी मी गेले तेव्हा बायकांनी मला अम्मींच्या शेजारी जागा करून दिली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "तू तो बोली थी उसकू, जा लातूर कू, पढ. मेरेकू बताई थी वो. ज्योती बोलती जा, पन मेराच जी नै होता अम्मी. तेरी बात सुनती तो आज उधर रहती थी मेरी बच्ची." आणि रडत रडत माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी मान हलवली, नसीम. हो म्हटलं. बावीस दिवस झाले, मान अजून तिथेच हललेली आहे. डास लातूरलाही चावतात, ताप तिथेही येतो, हे मला कळतं. पण तू तिथे आजारी पडली असतीस तर ती तू तुझ्या तिकिटानं गाठलेली जागा असती. आणि तू माझं नाव का सांभाळलंस, हे मला कळेना. तुला माझं खोटं माहीतच नव्हतं, तर अम्मीला खोटं का सांगितलंस? मी तर 'जा' म्हटलंच नव्हतं.

वही मी परवा पूर्ण उघडली. आधी माझ्याच तोंडची गोष्ट आहे, दोन भाग, तुझ्या अक्षरात. मग मी सांगितलेला शेवट, अर्ध्या पानात उरकलेला. त्याखाली रेघ. आणि रेघेखाली शब्दांच्या याद्या सुरू होतात. क्लासच्या कपाटातली ती पाठपुठ्ठा गेलेली डिक्शनरी, तीच असणार. 'फेरी म्हंजी नाव. आदी मला वाटलं फेरीवाला.' 'शोर म्हंजी काट, आवाज न्हाई.' पानंच्या पानं. एका पानावर फक्त एक वाक्य चार वेळा, प्रत्येक वेळी थोडं जास्त बरोबर. छत्तीस मार्कांच्या जोरावर तू शेवटचं प्रकरण एकटीनं उलगडलंस. ते असं आहे:

'पोरगी खिडकी बंद करती. आजवर दुसऱ्यांना तिकीट देलं. आज सवताला देते. पंखवाला काटावर उबा. तो म्हनतो थांब. पोरगी म्हनती, तू खाली आलास ते तुज्या मर्जीनं. आता मला माजी मर्जी बगू दे. नाव सुटली. तिनं मागं बगितलं का न्हाई ते पुस्तकात न्हाई.'

हे मी वाचलं होतं त्याहून चांगलं आहे. जळले मी थोडी, खरं सांगते. मर्जी हा शब्द मला कधी सुचला नसता.

पुढच्या पानावर तुझ्या कामाच्या नोंदी आहेत. पहिलीच ओळ: 'ज्योतीच्या पाच साड्या.'

म्हणजे तुला माझ्या लग्नाआधीच कळलं होतं. फॉर्मची तारीख गेल्यावर, पण लग्नाच्या आधी. हे कळल्यावर तू माझ्या साड्या मांडीवर घेऊन बसलीस, पाच साड्या, हातानं. माझ्या घरी करंज्या खाल्ल्यास. फोन केलेस. अम्मीला सांगितलंस की ज्योती जा म्हणत होती. माझ्यावर एकदा ओरडली असतीस, तर मला आज रडता आलं असतं. तू तेही जमू दिलं नाहीस, याचा मला राग आहे. असू दे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आपण दोघी भांडल्याशिवाय कधी बोललो?

वहीच्या अगदी शेवटच्या पानावर एकच ओळ आहे. 'फॉलन म्हंजी', मग एक लांब मोकळी जागा, आणि पुढे बारीक अक्षरात: 'ज्योतीला इचारायचं.'

ती ओळ बघून मी कापसात तोंड खुपसलं. मी एवढं खोटं सांगितलं, तू ते पकडलंस, स्वतः इंग्रजी वाचायला शिकलीस, आणि तरी एका शब्दासाठी जागा सोडून ठेवलीस. ज्योतीला इचारायचं.

काल सकाळी मी सासूबाईंना म्हटलं की चाळिसाव्या दिवशी मला माजलगावला जायचंय. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "गेलतीस की मागं. आता पुन्ना कावून?"

"तिच्या आईशी बोलायचंय."

"फोन हाय की. आपल्यातलं न्हाई, नात्यातलं न्हाई. लोक काय म्हनतेल?" त्या वाईट बाई नाहीत, नसीम. त्यांनाही कुणी कुठे एकटं जाऊ दिलेलं नाही. हे आले की ह्यांना विचार, म्हणाल्या. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, बघू.

पण फोनवर ते सांगायचं नाही मला. अम्मींच्या समोर बसायचं, त्यांनी पुन्हा हात धरला तर धरू द्यायचा आणि म्हणायचं की मी तिला जा म्हटलं नव्हतं. पुस्तकात जा होतं, मी थांब वाचलं. त्यांनी हात सोडला तर सोडला. मग क्लासला जाऊन त्या चार पोरींना तुझं शेवटचं पान वाचून दाखवायचं, तुझ्याच भाषेत, एकही शब्द न सुधारता. त्यांनाही मी नंतर तोच शेवट सांगितला होता, त्या अजून तळ्याकाठच्या घरात अडकून पडल्यात, माझ्यामुळे.

आणि त्या मोकळ्या जागेत काय लिहायचं ते सांगते. तुझंच बरोबर होतं. फॉल लावलेला. ज्याचं वजन कुणीतरी खालून वाढवलं, म्हणून जो वर जाऊ शकला नाही, तो. मी इतकी हसले होते, आणि दोन वर्षांत मला याहून नेमका शब्द सापडला नाही. पेननं लिहून टाकलाय.

आज दुपारी वर येताना मी कपाटातून पिस्ता साडी घेऊन आले. चाळिसाव्याला हीच नेसून येणार आहे, बघू म्हणोत की न म्हणोत. सकाळची आठची बस फाट्यावर थांबते. फाट्यापर्यंत चालत वीस मिनिटं, आणि वाटेत निदान दहा जण विचारतील कुठं चाललीस. विचारू देत. सांगेन.

साडी मांडीवर उलटी करून घेतली. तुझे टाके बघत बसले, एकसारखे, दिसतील न दिसतील असे. हे कच्चे कुठून? चार साड्या वर्षभर नेसतेय, त्यांचेही असेच आहेत. मला वाटलं खरंच घाई झाली असेल, उगाच मी त्यात काहीतरी शोधतेय. उसवायला कात्री आणली होती. आधी दोऱ्याचं टोक शोधलं आणि चिमटीत धरून सहज ओढलं.

दोरा सरसर निघत गेला, आणि सगळा फॉल एका ओढीत सुटून माझ्या हातात आला. तू शेवटी गाठच मारली नव्हतीस.